झेनजियांगच्या काळ्या व्हिनेगरची चव कोण घडवते?

चायनीजच्या गाडीवर झाकणाला भोक पाडून ठेवलेली जी बाटली असते, तिच्यातला पाण्यासारखा द्रव हीच बहुतेक मराठी माणसांची व्हिनेगरशी झालेली पहिली, आणि पुष्कळदा शेवटचीही, ओळख असते. तो नाकात झणझणतो, जिभेला आंबट लागतो आणि तिथे त्याचे काम संपते. असे व्हिनेगर बहुधा ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेले असते आणि भारतीय अन्ननियमांप्रमाणे त्याच्या लेबलवर ‘सिंथेटिक’ असे छापणे बंधनकारक आहे. त्यात काहीही आंबवलेले नसते. गंमत अशी की, ज्या देशाचे नाव त्या गाडीवर रंगवलेले असते, त्या देशात व्हिनेगर म्हटल्यावर जो पदार्थ डोळ्यांसमोर येतो तो याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तो कोऱ्या चहापेक्षा गडद असतो, त्याला भाजलेल्या धान्याचा, थोडा लोण्याचा, थोडा पिकलेल्या फळाचा वास असतो, आणि त्याचा आंबटपणा टोचत नाही, तर जिभेवर पसरत जातो.

दोन्हींतले मुख्य आम्ल एकच आहे. मग एवढा फरक येतो कुठून, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे थोडक्यात उत्तर ‘जिवाणूंमुळे’ असे देता येते, पण ते अपुरे आहे. कारण युरोपातल्या आधुनिक कारखान्यातले पांढरे व्हिनेगरही जिवाणूच करतात आणि तरीही ते चवीला एकसुरी असते. खरे उत्तर कोणते जिवाणू, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या शेजारी काम करतात, यात दडलेले आहे. विशेष म्हणजे चिनी व्हिनेगरला चिनीपण देण्यात ज्या जिवाणूंचा मोठा वाटा आहे, ते व्हिनेगर तयार करणारे जिवाणू नव्हेतच.

चीनमध्ये धान्यापासून केलेल्या व्हिनेगरांमध्ये चार प्रकार सर्वांत नावाजलेले मानले जातात: शान्शी प्रांतातले जुने व्हिनेगर, च्यांगसू प्रांतातल्या झेनजियांगचे सुगंधी व्हिनेगर, सिचुआनमधले गव्हाच्या कोंड्याचे बाओनिंग व्हिनेगर आणि फूच्येनमधले लाल बुरशीच्या तांदळाचे युंगछुन व्हिनेगर. यांपैकी झेनजियांगच्या व्हिनेगरचा जिवाणूंच्या दृष्टीने फार बारकाईने अभ्यास झालेला आहे. त्याचे एक साधे कारण असे की यांगत्से नदीच्या दक्षिण काठावरच्या या शहरापासून अन्नविज्ञानासाठी प्रसिद्ध असलेले वूशी शहरातले च्यांगनान विद्यापीठ फार लांब नाही. तेव्हा आपणही मुख्यतः झेनजियांगमध्येच थांबू आणि शेवटी थोडा वेळ शान्शीला जाऊन येऊ.

झेनजियांगमध्ये व्हिनेगरच्या जन्माची एक कथा सांगतात. दारूचा आद्य कर्ता मानल्या गेलेल्या दू खांग याच्या मुलाने दारू गाळून उरलेला चोथा रांजणात ठेवला, त्यावर पाणी ओतले आणि तो विसरून गेला. एकविसाव्या दिवशी झाकण काढले तेव्हा घमघमाट सुटला. व्हिनेगरसाठीच्या चिनी अक्षराचा डावा भाग दारूच्या भांड्याचा आहे, आणि उजव्या भागाची फोड केली तर ‘वीस’, ‘एक’ आणि ‘दिवस’ अशी चिन्हे वाचता येतात. हा अर्थातच नंतर सुचलेला कोटीबाजपणा आहे. अक्षराचा तो उजवा भाग मुळात उच्चार दाखवण्यासाठी आलेला आहे. पण कथेत एक गोष्ट मात्र खरी आहे. आजही झेनजियांगमध्ये मद्यार्काचे आम्ल होण्याची अवस्था जवळजवळ तेवढेच, म्हणजे सुमारे वीस दिवस चालते.

आता धान्यापासून व्हिनेगर करण्यातली मूळ अडचण पाहू. गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर करतात, तेव्हा साखर आयतीच मिळालेली असते. सूर उतरवली की हवेतले आणि मडक्यातले यीस्ट तिच्यातल्या साखरेचे मद्यार्क करतात आणि पुढे जिवाणू त्या मद्यार्काचे आम्ल करतात. तांदळात अशी मोकळी साखर नसते. त्यात स्टार्च असतो, म्हणजे साखरेच्या हजारो रेणूंच्या एकमेकांत गुंफलेल्या माळा असतात, आणि यीस्टला त्या माळा तोडता येत नाहीत. युरोपाने बिअरसाठी यावर मोड आलेल्या जवाचा तोडगा काढला. चीनने त्यासाठी बुरशीला कामाला लावले. भिजवलेल्या किंवा भरडलेल्या धान्याचे गोळे अथवा विटा करून त्यांवर बुरशी, यीस्ट आणि जिवाणू यांची वाढ होऊ द्यायची, मग ते वाळवून साठवायचे आणि लागेल तेव्हा कुस्करून वापरायचे, अशी ही युक्ती आहे. या साठवणीच्या विरजणाला चिनी भाषेत ‘छ्यू’ म्हणतात. सहाव्या शतकात ‘ज्या सिश्ये’ नावाच्या चिनी लेखकाने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात छ्यू करण्याच्या आणि व्हिनेगर आंबवण्याच्या अनेक कृती सविस्तर दिलेल्या आहेत, यावरून ही विद्या किती जुनी आहे याची कल्पना येते.

झेनजियांगमध्ये चिकट जातीचा तांदूळ भिजवून, वाफवून, गार करून त्यात असे विरजण आणि नंतर गव्हाचे छ्यू मिसळतात. बुरशीची विकरे, म्हणजे एन्झाइम, स्टार्चच्या माळा तोडून साखर मोकळी करतात आणि ती मोकळी होईल तसे यीस्ट तिचे मद्यार्क करत जातात. दोन्ही क्रिया एकाच भांड्यात एकाच वेळी चालत असल्यामुळे साखर कधी साचून राहत नाही आणि यीस्ट गोडव्याने गुदमरत नाही. गव्हातल्या प्रथिनांचेही याच सुमारास तुकडे होऊ लागतात आणि ॲमिनो आम्ले मोकळी होतात. त्यांचे महत्त्व पुढे कळेल. इथपर्यंत ज्याला आपण आंबट-गोड तांदळाची दारू म्हणू असा लगदा तयार होतो. त्यात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, म्हणजे आपल्या दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद, आधीच शिरलेले असतात. त्यांनी केलेल्या सौम्य आम्लामुळे पुष्कळसे उपद्रवी जीव दूर राहतात. त्यांना कोणी मुद्दाम बोलावलेले नसते, पण छ्यू उघड्यावर तयार होत असल्यामुळे ते नेहमीच हजर असतात.

यापुढची पायरी चिनी व्हिनेगरला जगातल्या बहुतेक व्हिनेगरांपासून वेगळे करते. द्राक्षाचे, सफरचंदाचे किंवा माडाचे व्हिनेगर द्रव अवस्थेत आंबते. झेनजियांगमध्ये मात्र मद्यार्काचा लगदा गव्हाचा कोंडा आणि भाताचे तूस यांच्यात कालवून त्याची ओलसर, भुसभुशीत रास करतात. मुठीत दाबली तर ओल जाणवावी, पण पाणी वाहू नये, इतपतच ती ओली असते. चिनी कारागीर या मिश्रणाला ‘पेइ’ म्हणतात. पूर्वी ही रास मोठमोठ्या रांजणांत असे, आता ती बहुधा सिमेंटच्या लांबट हौदांत असते. तुसाचा पोषणाच्या दृष्टीने काहीही उपयोग नसतो, जिवाणू ते खात नाहीत. पण तुसाच्या टणक टरफलांमुळे राशीत पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांतून हवा खेळते. हवा का हवी, हे समजून घेण्यासाठी ॲसेटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूकडे जरा जवळून पाहिले पाहिजे.

झेनजियांगच्या राशीत या कामाचा मुख्य मानकरी ‘ॲसिटोबॅक्टर पाश्चुरियानस’ नावाचा जिवाणू आहे. लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये व्हिनेगर सजीवांमुळे तयार होते हे दाखवून दिले, त्यांच्या नावावरून हे नाव पडले. हा जिवाणू ऑक्सिजनवाचून वाढू शकत नाही. त्याच्या पेशीच्या आवरणावर, बाहेरच्या बाजूला तोंड करून, दोन विकरे बसवलेली असतात. पहिले मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड करते आणि दुसरे त्याचे ॲसेटिक आम्ल करते. या दोन पायऱ्यांत सुटणारे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचवून जिवाणू आपली ऊर्जा मिळवतो आणि तयार झालेले आम्ल पेशीच्या बाहेरच राहते. लाकूड अर्धवट जळून कोळसा व्हावा तसे हे आहे: मद्यार्क पूर्ण न जाळता जिवाणू ते मध्येच सोडून देतो आणि तो अर्धवट जळलेला कोळसा म्हणजे आपले व्हिनेगर. १ ग्रॅम मद्यार्कापासून हिशेबाने सुमारे १.३ ग्रॅम ॲसेटिक आम्ल मिळू शकते. हे वाढीव वजन हवेतल्या ऑक्सिजनचे असते.

जळण्याची ही उपमा केवळ सोयीची नाही, कारण रास खरोखरच तापते. तिचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि काही वेळा ४५ च्या आसपास पोहोचते. हे तापमान हाताबाहेर गेले तर जिवाणू मरतात, आणि फारच कमी राहिले तर काम रेंगाळते. म्हणून दररोज रास खालवर करावी लागते. सुरुवातीला फक्त वरचा थर हलवतात आणि दर दिवशी त्यात खालचा थोडा थोडा थर ओढून घेत जातात. असे करत आठ-दहा दिवसांनी तळापर्यंत पोहोचतात आणि त्यानंतर सगळी रास रोज उलथतात. पाहणाऱ्याला हे निव्वळ अंगमेहनतीचे काम वाटते. प्रत्यक्षात कारागीर इथे फावड्याने जिवाणूंची लोकसंख्या आवरत असतो.

याचे कारण असे की, एखाद्या इमारतीत असावेत तसे राशीला मजले असतात. वरच्या मजल्यावर हवा भरपूर असते, तिथे ॲसिटोबॅक्टर तगतो आणि ऊब निर्माण करतो. खालच्या मजल्यांवर हवा जवळजवळ नसते. तिथे ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही असे लॅक्टिक जिवाणू उरलेल्या साखरेवर आरामात वाढतात. रास थराथराने हलवली जात असल्यामुळे खालच्यांना वेळ मिळतो. त्यांचे काम झालेला माल नंतर वर येतो आणि वरच्यांच्या हाती पडतो. राशीतले नमुने घेऊन त्यांतला डीएनए वाचला असता हीच गोष्ट दिसते: सुरुवातीच्या दिवसांत लॅक्टिक जिवाणूंचे प्राबल्य असते, आणि आम्ल वाढत जाते तसतसा ॲसिटोबॅक्टरचा वाटा वाढत जातो. ही सत्ता-पालट दर खेपेला होते.

लॅक्टिक जिवाणू चवीत नेमकी कोणती भर घालतात, हे सांगणे हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. सर्वांत उघड भर म्हणजे लॅक्टिक आम्ल. ॲसेटिक आम्ल सहज उडून जाणारे असल्यामुळे ते आधी नाकाला भिडते. चायनीजच्या गाडीवरची ती झणझण म्हणजे हीच. लॅक्टिक आम्ल उडत नाही. त्याचा आंबटपणा ताकातल्यासारखा गोल आणि रेंगाळणारा असतो. चिनी धान्य-व्हिनेगरांत ॲसेटिक आम्लाच्या खालोखाल याच आम्लाचे प्रमाण असते, आणि त्यामुळेच आम्लता भरपूर असूनही जीभ आक्रसत नाही. एकच आम्ल कितीही वाढवले तरी हा परिणाम साधत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्याला वेगळे सांगायला नको: आमटीत चिंचेऐवजी कोकम घातले तर आंबटपणा तेवढाच ठेवूनही आमटी बदलते.

दुसरी भर अधिक आडवळणाची आहे. काही लॅक्टिक जिवाणू ॲसिटोइन आणि डायॲसिटाइल ही द्रव्ये तयार करतात. ताज्या लोण्याला जो लोण्याचा वास येतो तो मुख्यतः डायॲसिटाइलचा, आणि ॲसिटोइनचा वास त्याच्या जवळचा पण सौम्य असतो. पण झेनजियांगच्या व्हिनेगरमध्ये ॲसिटोइन एकट्या लॅक्टिक जिवाणूंकडून येत नाही. त्यांनी केलेले लॅक्टिक आम्ल ॲसिटोबॅक्टर पाश्चुरियानस उचलतो आणि त्याच्यापासून स्वतः ॲसिटोइन करतो. म्हणजे एकाने टाकलेले दुसऱ्याने उचलले आणि त्यातून जे निपजले ते दोघांपैकी कोणालाही एकट्याने एवढ्या प्रमाणात साधले नसते. च्यांगनान विद्यापीठातल्या संशोधकांनी राशीतून ॲसिटोइन करणारे ॲसिटोबॅक्टर आणि लॅक्टिक जिवाणू वेगळे काढले, आणि असे निवडक जिवाणू आंबवणीत पुन्हा मिसळल्यास ॲसिटोइनचे प्रमाण वाढवता येते हे दाखवले.

ॲसिटोइनला एवढे महत्त्व देण्याचे आणखी एक कारण आहे. व्हिनेगर तापवताना आणि पुढे मुरत असताना ॲसिटोइनचा अमोनियाशी संयोग होऊन टेट्रामिथाइलपायराझिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याला भाजलेल्या शेंगदाण्यांच्या, कवचफळांच्या जातीचा वास असतो. हेच द्रव्य छुआनश्युंग या चिनी औषधी वनस्पतीतही सापडते, म्हणून चीनमध्ये जुन्या व्हिनेगरच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख मोठ्या अभिमानाने होतो. औषधी गुणांच्या त्या दाव्यांकडे मी थोड्या संशयानेच पाहतो, कारण पदार्थात एखादे द्रव्य असणे आणि चमचाभर व्हिनेगरमधून ते औषधाच्या मात्रेइतके पोटात जाणे या फार वेगळ्या गोष्टी आहेत. वासाबाबत मात्र संशयाला जागा नाही.

याशिवाय फळांच्या वासाची एस्टर नावाची द्रव्ये असतात. आम्ल आणि मद्यार्क यांच्या संयोगाने ती होतात. ॲसेटिक आम्ल आणि मद्यार्क मिळून इथाइल ॲसिटेट होते, लॅक्टिक आम्ल आणि मद्यार्क मिळून इथाइल लॅक्टेट. ज्या व्हिनेगरात दोन आम्ले आहेत, त्यात एस्टरांची विविधताही आपोआप वाढते. यीस्टने आधीच्या अवस्थेत केलेला, गुलाबासारख्या वासाचा फिनाइल इथेनॉलही यात येऊन मिळतो. कोंड्यातल्या प्रथिनांपासून सुटलेली ॲमिनो आम्ले, विशेषतः ग्लुटामिक आम्ल, डाळीच्या कढणासारखी रुचकर, तोंडभर राहणारी चव देतात.

मग हे सगळे दर खेपेला जुळून कसे येते? कारखाना उघडा असतो, निर्जंतुक करण्याचा प्रश्नच नसतो, कोंडा आणि तूस जसे येतात तसे वापरले जातात. असे असूनही झेनजियांगच्या वेगवेगळ्या खेपांची तुलना केली असता त्यांतल्या जिवाणूंचा क्रम आणि चवीच्या द्रव्यांचे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके सारखे आढळले आहे. याचे रहस्य मराठी घरात प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त त्याला आपण रहस्य म्हणत नाही. कालच्या दह्याचे विरजण आजच्या दुधाला लावतो, तसे आधीच्या राशीतले साधारण सातव्या दिवसाचे पेइ काढून नव्या राशीत मिसळतात. सातवा दिवस निवडण्यात शहाणपण आहे. फार लवकरच्या पेइमध्ये ॲसिटोबॅक्टर पुरेसे वाढलेले नसतात, आणि फार उशिराच्या पेइमध्ये ते आम्लाने थकलेले असतात. सातव्या दिवसाच्या आसपास ते ऐन जोमात असतात आणि लॅक्टिक जिवाणूही अजून टिकून असतात.

या विरजणाबरोबर आम्लही येते, आणि ते पहारेकऱ्याचे काम करते. ॲसेटिक आम्लाचे न विघटलेले रेणू पेशीच्या आवरणातून आत शिरतात आणि आत गेल्यावर विघटन होऊन पेशीला आतून आंबट करतात. बहुतेक जिवाणू याने मरतात. ॲसिटोबॅक्टर मात्र आत आलेले आम्ल बाहेर फेकण्याची आणि काही प्रमाणात ते पचवून टाकण्याची सोय बाळगून असतो. राशीतले लॅक्टिक जिवाणूही पिढ्यान्‌पिढ्या याच आम्लात निवडले गेलेले असल्यामुळे चांगलेच चिवट झालेले आहेत. त्यांच्यातली एक जात, ॲसिटिलॅक्टोबॅसिलस जिनशानेन्सिस, शास्त्रज्ञांना प्रथम झेनजियांगच्या व्हिनेगरच्या राशीतच सापडली. शेकडो खेपा एकाच विरजणाच्या साखळीतून गेल्या की उघड्या दारातूनही आत टिकणारे पाहुणे तेच ते असतात.

सुमारे वीस दिवसांनी मद्यार्क संपत येते आणि इथे एक धोका उभा राहतो. लाकूड संपले की विस्तव कोळशाला धरतो. तसा मद्यार्क संपल्यावर ॲसिटोबॅक्टर आपणच केलेले ॲसेटिक आम्ल जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू लागतो. एक-दोन दिवसांच्या हलगर्जीपणाने आम्लता घसरू शकते. म्हणून योग्य वेळ येताच राशीत मीठ मिसळून ती दाबून बसवतात आणि वरून झाकतात. मीठ जिवाणूला आवरते आणि दाबलेल्या राशीत हवा उरत नाही, त्यामुळे जाळणे थांबते. मीठ इथे चवीसाठी नंतर, आधी जिवाणूला थोपवण्यासाठी असते.

पुढच्या पायऱ्या जिवाणूंच्या नाहीत, म्हणून त्या झटपट सांगतो. राशीवर पाणी सोडून आम्ल झिरपवून घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या धारेचे फिकट पाणी फेकून न देता पुढच्या राशीवर सोडण्यासाठी वापरतात. झेनजियांगमध्ये करपेपर्यंत भाजलेल्या तांदळाचा काढा रंगासाठी घालतात आणि थोडी साखरही घालतात. तेव्हा इथला काळा रंग जिवाणूंच्या खात्यावर मांडणे चुकीचे ठरेल. मग व्हिनेगर उकळून रांजणांत महिनोन्‌महिने मुरवतात. उकळल्यावर जिवाणू मेलेले असतात, तरी त्यांनी मागे ठेवलेली ॲमिनो आम्ले, ॲसिटोइन, आम्ले आणि उरलेली साखर यांच्यात रासायनिक क्रिया चालूच राहतात.

शान्शीत हाच ऐवज वेगळ्या पद्धतीने वापरला जातो. त्या कोरड्या, थंड उत्तरेकडच्या प्रांतात तांदूळ नव्हे, तर ज्वारी हे मुख्य धान्य आहे, आणि छ्यूच्या विटा जव आणि वाटाणे यांच्या असतात. तैयुआनजवळचे छिंगश्यू हे या व्हिनेगरचे माहेरघर मानले जाते; झेनजियांगच्या आणि छिंगश्यूच्या या दोन्ही कलांना चीनने २००६ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. जुन्या रांजणातले तापलेले पेइ नव्या रांजणात घालण्याच्या कृतीला तिथले कारागीर ‘विस्तव घेणे’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. चूल पेटवायला शेजारून निखारा आणण्याची रीत आपल्या खेड्यांतही होती, त्यामुळे हा शब्द मला कोणत्याही पारिभाषिक संज्ञेपेक्षा अचूक वाटतो: जिवाणूंचे नाव-गाव माहीत नसताना, केवळ हाताला लागणाऱ्या उबेवरून कारागिरांनी ओळखले होते की एका रांजणातून दुसऱ्यात जे जाते ते काहीतरी जिवंत आणि पेटते आहे.

आंबवण संपल्यावर शान्शीत पेइचा काही भाग वेगळा काढून रांजणांत भरतात आणि रांजणांना बाहेरून चार-पाच दिवस मंद आच देतात. या पायरीचे नाव धुरीचे असले तरी पेइला धूर लागत नाही. उष्णतेने साखर आणि ॲमिनो आम्ले यांच्यात मेलार्ड क्रिया होते, म्हणजे भाकरीचा पापुद्रा खरपूस होताना किंवा कांदा तांबूस परतताना जी क्रिया होते तीच. इथे मात्र रंगाचा आणि खरपूसपणाचा कच्चा माल बुरशीच्या आणि जिवाणूंच्या कामातून आलेला असतो. न भाजलेल्या पेइमधून झिरपवलेले व्हिनेगर भाजलेल्या पेइवर पुन्हा सोडतात आणि नंतर ते उघड्यावर वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मुरवतात. उन्हाळ्यात सूर्य पाणी उडवतो, हिवाळ्यात वर जमलेला बर्फ कारागीर काढून टाकतात. दोन्ही वेळा पाणीच कमी होते आणि उरलेले व्हिनेगर दाट होत जाते. शान्शीच्या जुन्या व्हिनेगरसाठी १०० मिलिलिटरमध्ये किमान ६ ग्रॅम आम्ल असावे असे चीनचे मानक सांगते.

याची तुलना आधुनिक औद्योगिक पद्धतीशी करून पाहावी. तिच्यात निवडलेले ॲसेटिक जिवाणू मद्यार्काच्या द्रवात सोडून टाकीच्या तळातून सतत हवा फुंकतात. एक-दोन दिवसांत काम होते आणि आम्ल झेनजियांगच्या दुप्पट-तिप्पट मिळते. लोणच्याच्या कारखान्याला हे पुरेसे आहे, आणि त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. पण त्या टाकीत हवा नसलेला मजला नसतो, म्हणून लॅक्टिक जिवाणूंना जागा नसते. कोंडा नसतो, म्हणून ॲमिनो आम्ले फारशी नसतात. आणि खालच्यांनी केलेले लॅक्टिक आम्ल वरच्यांच्या हाती येण्याइतका वेळही नसतो. चव कमी का पडते याचे उत्तर या तीन अभावांत आहे.

झेनजियांगमधल्या मोठ्या कारखान्यांत आता रांजणांच्या जागी हौद आले आहेत आणि फावड्याच्या जागी रास उलथणारी यंत्रे. यंत्र ठरलेल्या खोलीपर्यंत पाते नेते आणि थर वर आणते. संशोधकांचा पुढचा प्रयत्न राशीतल्या मोजक्या जाती निवडून त्यांचे ठरावीक मिश्रण करण्याचा आणि उघड्या हवेवर अवलंबून न राहता तीच चव आणण्याचा आहे. हौदांत मात्र अजून विरजण जुन्याच रीतीने लागते. एका राशीचा सातवा दिवस उजाडला की तिच्यातले पेइ काढले जाते, आणि शेजारच्या हौदात नुकत्याच कालवलेल्या कोंड्या-तुसावर ते पसरले जाते.